एका वर्गाची सहा वर्षे

फेब्रुवारी महिना जवळ आला की आपल्या शाळांमध्ये दहावीच्या वर्गाला निरोप देण्याची तयारी सुरू होते. मराठी शाळांत या कार्यक्रमाला 'निरोप समारंभ' म्हणतात, आपण 'अलविदाई जलसा' म्हणतो. नाव वेगळे असले तरी रीत सारखीच. नववीचे विद्यार्थी वर्गणी काढतात, पताका लावतात, खाऊ आणतात. मुख्याध्यापक दोन शब्द सांगतात आणि मग दहावीतील चार-पाच मुले-मुली उठून आपल्या शालेय जीवनाविषयी बोलतात.

शिक्षक झाल्यापासून मी दर वर्षी ही भाषणे ऐकत आलो आहे. खरे सांगायचे तर ती फार सारखी असतात. शाळा ही आमची दुसरी आई आहे, शिक्षक म्हणजे दीपस्तंभ आहेत, हे दिवस पुन्हा येणार नाहीत, असे प्रत्येक जण सांगतो. बोलणाऱ्याचा कंठ दाटून येतो, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येते. ते पाणी खोटे नसते. परंतु या वर्गाचे सहा वर्षांत नेमके काय झाले, असे कोणी विचारले तर त्या भाषणातून काहीच सांगता येत नाही. तेच भाषण दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या वर्षी वाचले तरी चालून जाईल.

2025 साली दहावीच्या परीक्षेला बसणारा वर्ग माझ्याकडे होता. मी त्यांना म्हणालो, "या वेळी आठवणी सांगा, पण पुराव्यानिशी."

"सर, आठवणींना कसला पुरावा?" एकाने विचारले.

"शाळेचे दप्तर," मी म्हणालो.

सगळे आपापल्या पाठीमागच्या पिशव्यांकडे पाहू लागले! त्यांची चूक नव्हती. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीत मात्र पुस्तकांच्या पिशवीलाही दप्तर म्हणतात आणि कचेरीत जपून ठेवलेल्या कागदपत्रांनाही दप्तर म्हणतात. मला दुसरे दप्तर म्हणायचे होते.

शाळेच्या या दप्तरात पुष्कळ वह्या असतात. त्यांपैकी दोन आपल्या कामाच्या. पहिली हजेरीपट. 'हजेरी' हा शब्द आपल्या 'हाजिरी'चाच भाऊ आहे, तेव्हा तो समजावून सांगायला नको. प्रत्येक महिन्याला नवे पान, डावीकडे नावांची यादी आणि पुढे दिवसांचे चौकोन. कोण आले, कोण आले नाही, एवढेच तो सांगतो. पण ते रोज सांगतो.

दुसरी वही म्हणजे जनरल रजिस्टर. मूल शाळेत दाखल झाले की त्याला यात एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक पुन्हा कोणाला दिला जात नाही. मुलाचे पूर्ण नाव, आईचे नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख हे सारे एका ओळीत लिहिलेले असते. ओळीच्या शेवटचे रकाने बरीच वर्षे कोरे राहतात. शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण यांच्यासाठी ते असतात. शाळेच्या इतर वह्या काही वर्षांनी काढून टाकल्या तरी चालते, जनरल रजिस्टर मात्र कायम जपावे लागते.

याच ओळीची नक्कल म्हणजे 'शाळा सोडल्याचा दाखला'. पाचवीत हे शब्द मी फळ्यावर लिहिले तेव्हा वर्ग हसला होता. उर्दूत दाखिला म्हणजे प्रवेश. मग शाळा सोडण्याचा प्रवेश कसा? मराठीत दाखला म्हणजे लेखी पुरावा, प्रमाणपत्र. जन्माचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, तसाच हा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

मुख्याध्यापकांच्या परवानगीने पाचवीपासूनचे हजेरीपट आम्ही वर्गात आणले. जनरल रजिस्टर मुलांच्या हाती देता येत नाही, कारण त्यात इतरांची माहिती असते. त्यातील हवे तेवढे मी वाचून दाखवले.

आता आमच्या गावाविषयी थोडे. आमचे गाव मालेगाव. नाशिक जिल्ह्यात मोसम आणि गिरणा या नद्यांच्या काठी वसलेले हे यंत्रमागांचे शहर आहे. मागांचा खटखटाट इथे दिवसरात्र चालतो. शुक्रवारी माग बंद असतात, तेव्हा बाहेरगावच्या पाहुण्याला बरे वाटते आणि आम्हांला चुकल्यासारखे होते.

जून 2019 च्या हजेरीपटावर या वर्गाची 54 नावे होती. पाचवीच्या आठवणी मुलांनी भराभर सांगितल्या. एका मुलीने आपली पाचवीची वही घरून शोधून आणली. उजवीकडून उघडली की उर्दू आणि डावीकडून उघडली की मराठी. दोन विषयांना एकच वही केली होती. वर्षाच्या अखेरीस दोन्ही बाजूंचे लेखन मधल्या पानावर येऊन एकमेकांना टेकले होते. उर्दू माध्यमाच्या मुलांखेरीज अशी वही दुसऱ्या कोणाकडे सापडेल असे मला वाटत नाही.

मराठीच्या तासाच्या गमतीही निघाल्या. 'तो पहिलवान रोज पहाटे तालमीत जात असे' हे वाक्य ऐकून एकाने विचारले होते, "सर, इतक्या पहाटे कोणती शाळा उघडते?" आपल्याकडे तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, किंवा नाटकाचा सराव. 'त्याने प्रयत्नांची शिकस्त केली' याचा अर्थ दुसऱ्याने 'त्याचे प्रयत्न हरले' असा लिहिला होता. उर्दूत शिकस्त म्हणजे हार, मराठीत शिकस्त करणे म्हणजे शक्य तेवढे सारे करणे. अर्थाने तो अगदी उलट्या टोकाला जाऊन बसला. आज तोच मुलगा हे सांगताना सगळ्यांत मोठ्याने हसत होता.

मग आम्ही सहावीकडे वळलो. एक मुलगी म्हणाली, "सहावीत असताना स्नेहसंमेलनात मी पहिल्यांदा मराठीत भाषण केले. जानेवारी महिना होता." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मी 2020-21 चा हजेरीपट त्यांच्यापुढे ठेवला. पाने जवळजवळ कोरी होती. ते भाषण पाचवीतले, जानेवारी 2020 मधले होते. तिच्या मनाने ते उचलून सहावीत नेऊन ठेवले होते. मला वाटते, सहावीची रिकामी जागा भरण्यासाठी तिला काहीतरी हवे होते.

ते वर्ष तुम्हां सर्वांना आठवते. मार्च 2020 च्या मध्यात करोनामुळे शाळा बंद झाल्या. एप्रिलमध्ये मालेगावात रुग्ण झपाट्याने वाढले. माग थांबले आणि शुक्रवारची शांतता आठवडाभर पसरली. जूनमध्ये वर्ग सहावीत गेला, पण तो फक्त कागदावर. धडे मोबाइलवर येऊ लागले. ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही वडिलांच्या खिशात, त्या घरात धडा रात्री दहा वाजता पोहोचत असे. 27 जानेवारी 2021 पासून राज्यात पाचवी ते आठवीचे वर्ग उघडण्यास परवानगी मिळाली, पण काही आठवड्यांतच दुसरी लाट आली. एप्रिलमध्ये शासनाने पहिली ते आठवीच्या सर्व मुलांना परीक्षेविना वरच्या वर्गात घातले. त्या वर्षी तर दहावीची परीक्षादेखील रद्द झाली आणि शाळेतील मूल्यमापनावरून निकाल लावावा लागला. 4 ऑक्टोबर 2021 ला शाळा पुन्हा उघडल्या, तेव्हाही शहरांत आठवीपासूनच्याच वर्गांना परवानगी होती. आमचा वर्ग सातवीत होता. त्याला आणखी थांबावे लागले. पाचवीत घरी गेलेली मुले सातवी निम्मी सरल्यावर परत आली.

आणि सगळी आली नाहीत.

या जागी हजेरीपट वाचणे कठीण होते. मूल एकदम नाहीसे होत नाही. आधी आठवड्यातून दोन दिवस गैरहजर, मग चार दिवस, मग महिनाभर सलग गैरहजेरीच्या खुणा. पुढच्या वर्षीच्या यादीत ते नाव नसते आणि त्याच्या खालची नावे एकेक जागा वर सरकतात. रोज हजेरी घेणाऱ्या माझ्याही ते चटकन लक्षात येत नसे, हे मला कबूल केले पाहिजे.

मुलांनी दोन याद्या शेजारी ठेवल्या. पाचवीत 54 नावे, दहावीत 41. प्रथम सर्वांनी 13 जण गेले असा हिशेब केला. मग एका मुलीने हात वर केला. दहावीतील पाच जण मधल्या वर्षांत दुसऱ्या शाळांतून आलेले होते. म्हणजे मूळच्या 54 पैकी 36 उरले होते, आणि गेलेले होते 18.

हे 18 जण कोठे आहेत, याचा शोध घ्यायचे मुलांनी ठरवले. ते माझ्या सांगण्यावरून झाले नाही. पंधरा दिवसांत 16 जणांचा पत्ता लागला. 11 जण दुसऱ्या शाळांत शिकत होते. कोणाचे घर बदलले होते, कोणी इंग्रजी माध्यमात गेले होते. यांची काळजी नव्हती. पण पाच जण कोणत्याच शाळेत नव्हते. दोन मुली घरी होत्या. तीन मुलगे मागावर होते.

त्या तिघांपैकी एकाची हकिकत मला माहीत होती. 2020 मध्ये त्याच्या वडिलांचा रोजगार बुडाला. माग पुन्हा सुरू झाले तेव्हा हा चुलत्याच्या कारखान्यात कांड्या भरू लागला. कांड्या भरणे म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळणे. काम जड नसते, म्हणून ते मुलांना देतात, आणि म्हणूनच मुले त्यात अडकतात. 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्यामुळे आम्ही त्याचे नाव पटावरून काढले नाही. मी त्याच्या घरी दोनदा गेलो. वडील अदबीने बोलले, चहा दिला, "भेजेंगे, सर" म्हणाले. तो आठवडाभर आला आणि पुन्हा थांबला. आठवीत, वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर, वडिलांनी अर्ज देऊन त्याचे नाव कमी करून घेतले. तिसऱ्यांदा मी गेलो नाही.

जनरल रजिस्टरमध्ये 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून' असे लिहिले आहे. त्यात खोटे काही नाही. दहावी उत्तीर्ण होऊन शाळा सोडणाऱ्याच्या नावापुढे 'इयत्ता दहावी उत्तीर्ण' लिहितात. रकाना लहान असतो.

2024 च्या पावसाळ्यात एके दिवशी तो शाळेच्या दारात उभा होता. त्याला आपला शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. कशासाठी, असे विचारल्यावर म्हणाला, "सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आहे." ज्यांची शाळा सुटली आहे, त्यांना खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येते. त्यासाठी नमुना क्रमांक 17 चा अर्ज परीक्षेच्या कितीतरी महिने आधी भरावा लागतो आणि त्याला मूळ दाखला जोडावा लागतो. दाखला मिळताच तो उर्दूतला अर्थ आठवून हसला. "सर, अब ये सच में दाखिला है," तो म्हणाला. पाचवीतला तो तास तो विसरला नव्हता.

दहावीची ही परीक्षा इतकी मोठी का वाटते, हेही थोडे पाहू. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा 1859 मध्ये झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले. आज परीक्षा घेणारे राज्य मंडळ 1 जानेवारी 1966 रोजी अस्तित्वात आले. त्या काळी शाळा अकरावीला संपत असे. तुमच्या आजोबांना विचारा, ते 'अकरावी मॅट्रिक' असेच म्हणतील. नव्या रचनेतील दहावीची पहिली परीक्षा 1975 मध्ये झाली. तेव्हापासून शाळेचे शेवटचे वर्ष म्हणजे दहावी.

परीक्षेचा अर्ज भरताना वर्गात दोन दिवस गोंधळ होता. नाव जसे शाळेच्या नोंदीत, तसेच गुणपत्रिकेवर येते, आणि पुढे जन्मभर तेच चालते. आपली नावे उर्दूतून देवनागरीत आणि देवनागरीतून इंग्रजीत जाताना वाटेत थोडी बदलतात. 'जुबैदा'ची 'झुबेदा' होते, 'अब्दुर्रहमान'चे 'अब्दुल रहेमान' होतात. एकाच घरातील दोन भावांची आडनावे दोन प्रकारे लिहिलेली मी पाहिली आहेत. अशी चूक असेल तर पुरावा दाखवून शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. शाळा सुटल्यावर तीच दुरुस्ती करणे फार अवघड जाते.

जन्मतारखेचेही तसेच. मागच्या पिढीतील पुष्कळांच्या दाखल्यावर 1 जून ही तारीख दिसते. शाळेत नाव घालायला पालक जूनमध्ये येत, जन्माचा कागद जवळ नसे, मग गुरुजी वयाचा अंदाज करून 1 जून लिहून टाकत. माझीही जन्मतारीख 1 जूनच आहे. अम्मी म्हणते, त्या दिवशी कडाक्याची थंडी पडली होती!

जलशाच्या आदल्या दिवशी वर्गाचा फोटो होता. फोटो काढणारा तिवईवर कॅमेरा लावत होता, तेवढ्यात दोन मुलांनी मागावर जाणाऱ्या त्या मित्राला बोलावून आणले. रात्रपाळी करून तो थेट आला होता. केसांत सुताचे तंतू होते, अंगावर गणवेश नव्हता. यावरून वाद झाला. एक म्हणाला, "हा फोटो दहावीच्या वर्गाचा आहे, याचे नाव हजेरीपटावर नाही." हे बोलणारा मुलगा वाईट नव्हता, त्याचे म्हणणे नियमाला धरून होते. दुसरी म्हणाली, "पेपर तोच देणार, केंद्रही तेच आले आहे. आणि पाचवीच्या हजेरीपटावर याचे नाव आहे, तुझे कुठे आहे?" तो मुलगा आठवीत आलेला होता. तो काहीच बोलला नाही. मग त्यानेच मागच्या बाकावर सरकून आपल्या शेजारी जागा केली. फोटोत 42 विद्यार्थी आहेत.

जलशात त्या वर्षी एकच भाषण झाले. स्नेहसंमेलनाचे वर्ष चुकवणारी ती मुलगी बोलायला उभी राहिली. तिने दीपस्तंभ वगैरे काही म्हटले नाही. दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या वहीविषयी सांगितले, तालमीची गंमत सांगितली, सहावीच्या कोऱ्या पानांविषयी सांगितले. नंतर जून 2019 चा हजेरीपट उघडून 54 नावे क्रमाने वाचली. समोर बसलेले विद्यार्थी आपले नाव आले की 'हाजिर' म्हणत. काही नावांनंतर कोणीच बोलत नसे, तेव्हा ती क्षणभर थांबे आणि पुढचे नाव घेई. नववीची मुले खाऊकडे पाहू लागली होती. माझे एक सहकारी नंतर म्हणाले, की हे जरा लांबले. लांबले होते खरे.

21 फेब्रुवारी 2025 रोजी परीक्षा सुरू झाली आणि 13 मे रोजी निकाल लागला. आमच्या 41 पैकी 38 जण उत्तीर्ण झाले. मागावरचा तो मुलगा गणितात राहिला, मराठीत त्याला 61 गुण मिळाले. पुरवणी परीक्षेच्या अर्जाची चौकशी करायला तो आला तेव्हा आपल्याबरोबर मागावरच्या दुसऱ्या मुलाला घेऊन आला होता. त्यालाही दाखला हवा होता.

घरी बसलेल्या दोन मुलींपैकी एकीच्या आईशी वर्गातील मुलींनी बोलणे केले आहे. दुसरीच्या घरी अजून कोणी दार उघडलेले नाही. ज्या दोघांचा पत्ता लागला नव्हता, त्यांपैकी एकाचे कुटुंब भिवंडीला गेले, एवढे कळले आहे. दुसऱ्याचे नाव मुलांनी एका कागदावर लिहून माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे.